कशेडीच्या पायथ्याची पंगत

रायगड बघायला म्हणून आम्ही साताऱ्याहून निघालो आणि रायगड न बघताच परत आलो. आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "काय मग, रोपवेनं गेलात की पायऱ्यांनी?" मी सांगते, आम्ही पोलादपूरच्या पुढं एका गुरुद्वाऱ्यात राहून आलो. मग समोरच्याच्या चेहऱ्यावर जे काही उमटतं ते बघून मीच विषय बदलते. पण आत काहीतरी राहून गेलंय, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते.

आम्ही म्हणजे मी आणि माझी नणंद. वन्संनी साठी ओलांडल्यावर गाडी शिकली आणि तेव्हापासून त्या दुसऱ्या कुणाच्या भरवशावर कुठं जात नाहीत. आमच्या ह्यांचे गुडघे दुखतात, म्हणून ते घरी. निघताना एवढंच म्हणाले, "दोघी धडधाकट परत या." काळजी होती ती आमच्या भांडणांची.

शुक्रवार, पोलादपूर

आंबेनळी घाट उतरताना धुकं असं दाटलं होतं की वन्सं खिडकीतून मान बाहेर काढून गाडी हाकत होत्या आणि मी डोळे मिटून बसले होते. मधूनच धुकं फाटायचं. खाली पिवळी पडत आलेली भातखाचरं दिसायची, एखादं कौलारू घर, त्यातून निघालेला धूर, आणि लगेच सगळं पांढरं व्हायचं. पाहिलं ते खरंच होतं की डोळा लागला होता, असं वाटायचं. आम्ही दोघीही गप्प होतो. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण वन्सं आणि मी एका जागी गप्प बसल्याचं मला आठवत नाही.

पोलादपूरला हायवे लागला. महाड उजवीकडे. मी म्हटलं, "वन्सं, उजवीकडे." त्या म्हणाल्या, "वहिनी, मला रस्ते कळतात," आणि डावीकडे वळल्या. पुढं कशेडीच्या बोगद्याची पाटी आली. बोगद्यात त्यांना घुसमटतं, म्हणून गाडी जुन्या घाटरस्त्याला घातली. मी हात टेकले.

तो रस्ता झोपलेला होता. दोन्ही बाजूंना बंद ढाबे, पंक्चरच्या दुकानांची गंजलेली शटरं, डांबराच्या कडेनं आत शिरलेलं गवत. एकेकाळी इथं ट्रकांची रांग लागत असणार. आता एक म्हैस रस्त्याच्या मधोमध बसली होती आणि उठायचं तिच्या मनात नव्हतं. तिला वळसा घालताना गाडीनं एक गचका दिला आणि क्लच गेला. थांबलो तिथं समोर एक बुटकी पांढरी इमारत होती, मागं डोंगर, पुढं केशरी कापड गुंडाळलेला उंच खांब आणि त्यावर झेंडा.

आतून निळी पगडी घातलेले एक म्हातारे गृहस्थ आले. दोन्ही गुडघ्यांना हातांचा आधार देत एकेक पायरी उतरले. आम्ही काही बोलायच्या आत म्हणाले, "गाडी बंद पडली ना? घाटाच्या खाली सगळ्यांची पडते. आधी जेवून घ्या, मग बघू."

हे ग्यानीजी. गुरुद्वाऱ्यात ग्रंथसाहेबांचं वाचन करणारे, आणि गेली कितीतरी वर्षं झाडण्यापासून दिवाबत्तीपर्यंत सगळं करणारे. मूळचे पंजाबातले, पण बोलण्यात 'नाय' आणि 'हाय' असं मुरलंय की डोळे मिटून ऐकलं तर पोलादपूरच्या बाजारातलं कुणी वाटावं.

आत जायचं तर डोकं झाकायचं. मी पदर घेतला. वन्संचे केस आखूड, अंगात पंजाबी ड्रेस आणि ओढणी घरी कपाटात. त्यांनी गाडीची काच पुसायचं पिवळं फडकं डोक्यावर टाकलं. ग्यानीजींनी हसू दाबत कोपऱ्यातल्या टोपलीतला केशरी रुमाल काढून त्यांच्या हातात दिला. वन्संना पंजाबी ड्रेस घालून पंजाब्यांकडं असं जावं लागलं, याचं मला फार बरं वाटलं.

जेवायला जमिनीवर तरटाची लांब पट्टी. आमच्या शेजारी एक ट्रकवाला, पुढं दवाखान्यातून परत निघालेली लेकुरवाळी, खडी टाकणारे मजूर, शाळेच्या गणवेशातल्या मुली. ताटात तांदळाची भाकरी आणि काळ्या उडदाची डाळ. पहिला घास घेतला आणि मी वन्संकडे बघितलं, वन्संनी माझ्याकडे. डाळीत कोकम होतं. पंजाबातली डाळ कोकणात नांदायला आली की तिला सासरचं वळण लागणारच, पण इतकी चांगली लागेल असं वाटलं नव्हतं.

आमच्याकडे पंगतीत सगळ्यांची ताटं वाढून होईतो कुणी हात लावत नाही. त्या सवयीनं मी पुढची ताटं वाढून व्हायची वाट बघत थांबले. वाढणारी बाई माझ्यासमोर येऊन म्हणाली, "खावा ओ ताय. वाट कुणाची बघताव? हितं ज्याच्या ताटात पडलं त्यानं खायाचं." ही सुगंधा. खालच्या बौद्धवाडीतली, पन्नाशीची, अंगानं किरकोळ. स्वयंपाकघर तिच्या ताब्यात होतं.

ग्यानीजींनी फोन करून महाडहून मेकॅनिक बोलावला. इब्राहिमभाई आले. मूळ दासगावचे, अर्धं आयुष्य कुवेतला गाड्या दुरुस्त करण्यात गेलेलं. गाडीखाली शिरले, बाहेर आले आणि क्लचप्लेटचं नाव घेऊन असा उसासा टाकला की मी पर्स उघडून पैसे मोजले. सामान मुंबईहून यायचं, म्हणजे रविवारपर्यंत गाडी हलणार नाही. मी हॉटेलची चौकशी केली तर ग्यानीजींनी ऐकूच आलं नाही असं दाखवलं आणि मागच्या खोलीत गाद्या घालायला लावल्या. रात्री ह्यांना फोन केला. सगळं ऐकून म्हणाले, "मी रायगडाला जायला सांगितलं होतं. पंजाब कुणी सांगितला?"

पण त्याआधी संध्याकाळ झाली, आणि ती मला विसरता येत नाही.

दुपारी जरा लवंडले होते ती सभागृहातच झोपले. जाग आली तेव्हा खिडक्यांच्या हिरव्या काचांतून उतरतीचं ऊन आत आलं होतं आणि सगळी खोली तळ्याच्या पाण्यात बुडाल्यासारखी दिसत होती. ग्यानीजी वाचत होते. अर्थ एकाही शब्दाचा लागत नव्हता. लहानपणी तापात पडलेली असताना दुसऱ्या खोलीतून आईचं बोलणं कानावर यायचं, तसं ते येत होतं. उठावंसं वाटलं नाही. मग वाचन थांबलं. ग्यानीजींनी ग्रंथ मिटला, एकावर एक रुमालांत गुंडाळला, डोक्यावर घेतला आणि त्या दुखऱ्या गुडघ्यांनी हळूहळू चालत आतल्या लहान खोलीत नेला. तिथं पलंग होता, उशा होत्या. तिथं ग्रंथ ठेवून त्यांनी वर पांघरूण घातलं. वन्संना स्वतःचं मूल नाही. त्या दारात उभ्या होत्या आणि त्यांनी डोळे पुसले. मी दुसरीकडे बघितलं.

बाहेरच्या पायरीवर ग्यानीजींनी सांगितलं, रविवारी ग्रंथसाहेब इथून जाणार. पूर्वी घाट चढायच्या आधी ट्रक इथं थांबायचे, इंजिनं थंड व्हायची, माणसं जेवायची. ट्रकवाल्यांनीच ही जागा उभी केली. आता सगळे बोगद्यातून जातात. आणि ग्रंथ रोज पहाटे उघडायचा, रोज संध्याकाळी मिटायचा, यात एका दिवसाची सुट्टी नाही. ते करायला इथं एकटे ग्यानीजी. गुडघे गेले, डोळ्यांत मोतीबिंदू. ग्रंथाबरोबर तेही निघणार, पुढं मुलगा त्यांना पंजाबात घेऊन जाणार. दुसरं कुणी नाही, म्हणून मुंबईकडच्या मोठ्या गुरुद्वाऱ्याची माणसं येऊन ग्रंथ सन्मानानं घेऊन जाणार.

"मग इथलं जेवण?" वन्संनी विचारलं.

"शिधा येत राहील, असं म्हणालेत ते. चूल हाय, सुगंधा हाय." ग्यानीजी गुडघा चोळत राहिले. "बाकी मला नाय माहीत, बेटी."

शनिवार, महाड

सकाळी इब्राहिमभाईंच्या टेम्पोतून आम्ही महाडला गेलो. सुगंधाही आली, रविवारच्या निरोपाच्या लंगरासाठी, म्हणजे गुरुद्वाऱ्यातल्या पंगतीसाठी, सामान आणायला. धुकं सावित्रीवरून उठत होतं. नदी दिसत नव्हती, नुसती कळत होती. पुरात हे पाणी कुठवर चढलं होतं ते इब्राहिमभाई बोटानं दाखवत होते. ते बोट इतकं वर जायचं की मला आधी चेष्टा वाटली. त्या दिवसांत गुरुद्वाऱ्यातून डाळीची पातेली आणि भाकऱ्या ह्याच टेम्पोतून महाडला यायच्या, आणि तेव्हा त्यांच्या मोहल्ल्यातल्या बायकाही भाकऱ्या थापायला गुरुद्वाऱ्यात गेल्या होत्या.

बाजारात सुगंधानं कोकमं हातात चुरगळून बघितली, दोन दुकानं नाकारली, तिसऱ्यात भांडून घेतली. वन्सं तिच्यावर बेहद्द खूश झाल्या. सामान टेम्पोत टाकल्यावर सुगंधा म्हणाली, "एवढं आलाव तर तळं बघून चला."

चवदार तळं मी शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं. प्रत्यक्षात ते गावाच्या मधोमध आहे, भोवती रिक्षा, बँक, कपड्यांची दुकानं, आणि मधे एवढं शांत पाणी. आम्ही पायऱ्यांवर बसलो. सुगंधा खाली उतरली, ओंजळभर पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि येऊन बसली. ऊन पाण्यावर चमकत होतं, आणि मला पुन्हा ती पेंग येऊ लागली जी त्या सगळ्या दिवसांत अंगावर होती. तेवढ्यात सुगंधा बोलायला लागली.

"ताय, हितं पाणी मिळालं आमाला. आमच्या आज्यापणज्यानं मिळवलं. पन शेजारी बसून जेवनं, ते येगळं. आमच्या वाडीत येऊन वरच्या वाडीतलं कुणी जेवत नाय. भांडन नाय, बोलचाल हाय, लग्नाला येतात, खुर्चीवर बसतात. पन जेवून आलोय म्हनतात. माज्या पोरीच्या लग्नात समदी जेवून आली हुती."

वन्संनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"मी गुरुद्वाऱ्यात भाकऱ्या थापायला लागली तेव्हा वरच्या वाडीतली काशीबाय भिंतीकडं तोंड करून लांब बसायची. ग्यानीजी बोलले नायत कधी. नुसतं तिच्यापर्यंत तरट अंथरत न्यायचे. मग बसली रांगेत. मग बाकीची बसली. आता माज्या हातचं समदी खातात. पन ते गुरूचं म्हनून खातात, ताय. गुरू उद्या चालला. मंग ते कुनाचं जेवन? माजंच ना?"

आपण अशा वेळी म्हणतो ना, सगळं नीट होईल, ते माझ्या तोंडून बाहेर पडलं नाही. माझ्या सासूबाईंनी कुणासाठी कुठला कप वेगळा ठेवला होता ते मला माहीत आहे आणि वन्संनाही. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं.

रविवार

पहाटे ग्यानीजींनी शेवटचा प्रकाश केला, म्हणजे ग्रंथ उघडला. धुकं दारातून आत येऊन पायरीवर थांबलं होतं. त्यांनी भिंग धरून चार ओळी वाचल्या, मग भिंग खाली ठेवलं आणि पुढचं तोंडपाठ म्हणत राहिले. त्यांचा आवाज कुठंही कापला नाही. ऐकणाऱ्यांचं मात्र काही खरं नव्हतं.

ऊन वर आलं तेव्हा मोठ्या गुरुद्वाऱ्याची माणसं आली. सहा-सात जण, पांढरे कपडे, पुढारी एक उंच, गंभीर सरदारजी. रस्त्यावर मोरीचं काम चाललेलं, त्यामुळे सजवलेली गाडी खालच्या वाडीच्या पलीकडच्या टोकाला उभी. ग्रंथ तिथवर डोक्यावरून न्यायचा होता.

आणि मग काशीबाई आल्या. वरच्या वाडीतून, नऊवारी नेसून, मागं पाच-सहा बाया, हातात सूप. सुपात तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "ग्यानीजी, ओटी भरायची हाय."

ते सरदारजी चमकले. त्यांनी ग्यानीजींना पंजाबीत काहीतरी विचारलं, आणि उत्तर येईना तसं त्यांच्या कपाळावर आठी चढली. आमच्याकडे लेक सासरी निघाली की ओटी भरतात, देवीची भरतात. ग्रंथाची ओटी भरायची कुणी ऐकली नसेल. शिखांत हे चालणार नाही, हे मलासुद्धा कळत होतं. काशीबाईंना नव्हतं कळत. घरातून कुणी जातंय तर रिकाम्या हातानं कसं धाडायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

ग्यानीजी म्हणाले, "कुंकू राहू द्या, काशीबाय. खण द्या." त्यांनी तो हिरवा खण दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि ग्रंथावरच्या रेशमी रुमालांवर घालून नीट पसरला. रुमाल अर्पण करायची त्यांच्यात पद्धतच आहे. मग तांदूळ आणि नारळ स्वतः उचलून स्वयंपाकघरात सुगंधाकडे दिले. सरदारजी क्षणभर त्या खणाकडे बघत राहिले. मग काशीबाईंना हात जोडून म्हणाले, "माताजी, हा असाच जाईल."

ग्रंथ निघाला. सरदारजींच्या डोक्यावर ग्रंथ, मागून एक जण चवरी ढाळत, पुढं बायका पाणी शिंपडत, सगळे अनवाणी. वाट बौद्धवाडीतून जात होती. सुगंधाच्या वाडीनं रात्रीतून सारवलं होतं, दारोदार रांगोळी होती, आणि प्रत्येक दारात माणसं हात जोडून उभी. एक म्हातारा उंबऱ्यात बसल्या बसल्या रडत होता. मागं इब्राहिमभाई डोक्याला रुमाल बांधून हातात चपला घेऊन चालत होते. डोंगराच्या सावलीतल्या त्या वाडीत अजून धुकं विरलं नव्हतं. त्यात तो हिरवा खण माणसांच्या डोक्यांवरून तरंगत पुढं जात होता. त्या वाडीतून मी किती वेळ चालले ते मला सांगता येणार नाही. गाडीत बसताना ग्यानीजींनी सगळ्यांकडे एकदा वळून बघितलं, पण मोतीबिंदूतून त्यांना किती दिसलं असेल देव जाणे. गाडी गेली.

आम्ही गुरुद्वाऱ्यात परतलो. सभागृहाचं दार उघडं, आत ग्रंथाची मोकळी चौकी. स्वयंपाकघरात डाळ शिजून तयार, भाकऱ्यांची चळत लागलेली, आणि तरटाची पट्टी अंथरलेली. तिच्यावर कुणी बसेना.

वरच्या वाडीची माणसं रस्त्यावर घोळक्यानं उभी होती. कुणी मोबाइल बघत होतं, कुणी चपला शोधत होतं. एक जण म्हणाला, "चला, कामं हायत." दोघे-तिघे वळलेसुद्धा. सुगंधा पातेल्यामागं डाव धरून उभी होती. ती बोलावत नव्हती. लंगरात कुणी कुणाला बोलावत नाही, पण आज तिनं हाक मारली असती तर ती तिच्या घरची हाक झाली असती, आणि त्या हाकेला नाही म्हणता आलं असतं. तिच्या वाडीतल्या बायका भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होत्या. वन्संनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगड्या रुतल्या. आम्ही बसलो असतो, पण आमच्या बसण्याला काय किंमत होती? आम्ही उद्या साताऱ्याला.

काशीबाई रस्त्यावर होत्या. सूप काखेत. त्यांनी वरच्या वाडीची पायवाट धरली आणि माझी आशा सुटली. पण त्या पायवाटेच्या अलीकडच्या नळापाशी थांबल्या. सूप ठेवलं. अनवाणी चालून मातीनं भरलेले पाय धुतले, हात धुतले, पदराला पुसले. मग आल्या आणि तरटाच्या मधोमध मांडी घालून बसल्या. बाहेर बघून म्हणाल्या, "उभी कशाला ऱ्हायलीत? भाकऱ्या गार व्हतील. या गो, बसा."

एक बाई आली. मग दुसरी. मग तो कामं असलेला माणूस. वन्सं आणि मी कुणाच्या तरी मधे बसलो, इब्राहिमभाई पलीकडे. सुगंधा वाढायला आली. काशीबाईंपुढं आल्यावर तिच्या डावातली डाळ ताटाबाहेर सांडली. काशीबाईंनी भाकरी मोडली, डाळीत बुडवली, खाल्ली. सगळ्यांच्या नजरा त्यांच्या तोंडाकडे.

"मीठ कमी हाय गो आज," काशीबाई म्हणाल्या. "ग्यानीजी असतानं कधी बोलली नाय. पन आता तुज्या हातचं हाय, तर तुलाच सांगनार ना. आन जा."

सुगंधा मीठ आणायला आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.